फाट्यावरची पाटी

रंगवलेलं काहीही समोर आलं, की पेंटरभाऊ आधी त्यावरून तळहात फिरवायचे आणि मग तळहाताकडे बघायचे. एसटीची बाजू असो, ग्रामपंचायतीचं फाटक असो, नाहीतर कुणा साहेबाची नवीकोरी गाडी असो. साहेब डोळे वटारायचा, पण भाऊंना त्याचं काही नसे. हाताला पांढरी पूड लागली की ते मान हलवून म्हणायचे, "सुटून राह्यला." नाही लागली, तर दोन पावलं मागे सरायचे, डोळे बारीक करायचे आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला विचारायचे, "दिसते ना भाऊ?"

तुम्ही चामोर्शीकडून अहेरीकडे कधी गेला असाल, तर वाटेत आमच्या फाट्यावर त्यांनी तुम्हालाही विचारलं असेल. बस सुटायच्या घाईत तुम्ही "हो हो, दिसते" म्हणून टाकलं असेल. त्यांना तेवढंही पुरायचं.

फाट्यावर माझं रंगाचं दुकान आहे. रंग विकणाऱ्याने रंग टिकत नाही असं सांगू नये, पण मी सांगतो, कारण आमच्याकडच्या उन्हापुढे लपवण्यासारखं काही उरत नाही. कंपनीवाले मधूनमधून आम्हा दुकानदारांना चंद्रपूरच्या हॉटेलात जेवायला बोलावतात आणि जेवणाआधी पडद्यावर चित्रं दाखवतात. जेवण बरं असतं. तिथे एकदा ऐकलं ते असं: डब्यातल्या रंगात एक असते रंगाची पूड, आणि दुसरा असतो तिला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तो सुकला की त्याचं कातडं तयार होतं. ऊन त्या कातड्याचे दुवे तोडत जातं, वरून खाली, थरामागून थर. मग पूड मोकळी होते आणि हाताला लागते. हे मी भाऊंना सांगितलं, तेव्हा त्यांनी तळहात पँटीला पुसला आणि म्हणाले, "म्हंजे रंग नाई मरत. त्याले धरणारा मरते."

पंचक्रोशीतल्या पाट्या त्यांच्याच हातच्या. किराणा, पिठाची गिरणी, शाळेच्या भिंतीवरचे थोर पुरुष, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचा मोर. अक्षर असं गोल, की वाचता न येणारी माणसंही उभी राहून बघायची. चेहऱ्यांचं मात्र काही खरं नव्हतं. ज्याला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, त्या माणसाचा चेहरा काढायला घेतला की हात आपोआप रोजच्या पाहण्यातल्या माणसाकडे वळायचा. शाळेतले एक थोर पुरुष हुबेहूब आमच्या पोस्टमनसारखे झाले होते. नवरात्रात मंडळाने देवीचा पडदा रंगवून घेतला, तर देवी निघाली समोरच्या टपरीवरची चहावाली बाई. मंडळवाले चिडले. बाईने मात्र नऊ दिवस रोज केस विंचरून, ताठ बसून चहा विकला. मी भाऊंना छेडलं, "अहो, देवी कुठे पाहिली?" ते निरागसपणे म्हणाले, "रोज डोळ्यासमोर जे असन, तेच हातात येते ना."

या वाक्यावर तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

आता त्यांच्या बायकोचं सांगतो. आमच्याकडून दरवर्षी बायामाणसं टोळी करून गोदावरीपलीकडे मिरची तोडायला जातात. त्या वर्षी तीही गेली. पोरगी काजल तेव्हा नुकती चालायला लागली होती, म्हणून तिला आजीपाशी ठेवलं. काम संपल्यावर टोळी दोन पिकअपमध्ये बसून परत निघाली. वाटेत एका फाट्यावर पाणी प्यायला गाड्या थांबल्या. ती उतरली. पहिल्या गाडीला वाटलं ती मागच्या गाडीत बसली, मागच्या गाडीला वाटलं ती पुढे गेली. एकाच गावच्या बाया, कोण कुठे बसली हे कोण विचारतं? दोन्ही गाड्या गावात आल्या, बाया मिरचीची पोती घेऊन उतरल्या, आणि भाऊ शेवटची बाई उतरेपर्यंत हसऱ्या तोंडाने उभे होते.

मग ते त्या फाट्यावर गेले. सिरोंच्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे, जिथे पाट्यांवरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती तिथपर्यंत गेले. पोलिसात दिलं, बाजारातून हिंडले, देवळांच्या पायऱ्यांवर बसले. ती सापडली नाही. मेली असंही कुणी सांगितलं नाही. दुसरं काहीतरी सांगणारेही निघाले, माणसं काय, तोंड आहे तोवर बोलणारच. भाऊ त्यांच्याशी भांडले नाहीत. माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, चांगल्यातला चांगला रंग दे. टिनाची पाटी करतो तिची."

घरात तिचा एकच फोटो होता, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. फोटोला जपायचं म्हणून त्यांनी त्याला प्लास्टिकचं लॅमिनेशन केलेलं. त्यावरून त्यांनी पाटी रंगवली. टिन घासून लख्ख केलं, लाल प्रायमर दिला, तो सुकू दिला, मग चेहरा काढला. कपाळ रुंद, एक भुवई जरा वर चढलेली, हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवे ठिपके, लाल लुगडं, मोठं कुंकू. खाली ठळक अक्षरांत "हिला कुणी पाहिलंत का?" आणि माझ्या दुकानाचा फोन नंबर, कारण भाऊ सदानकदा शिडीवर असायचे. ती पाटी त्यांनी माझ्या दुकानासमोर, कडुलिंबाच्या सावलीबाहेर, दोन लोखंडी खांबांवर उभी केली. मी पाहिलं आहे, त्या चेहऱ्यात पोस्टमन नव्हता की चहावाली नव्हती. ती तीच होती.

फोन यायचे. कुणी विचारायचा, डिस्टेंपर काय भाव. कुणी दारू पिऊन रडायचा. एखादी बाई हळूच म्हणायची, आमच्या गावाच्या देवळात एक वेडी बसते, बघून जा. भाऊ जाऊन यायचे. परत आले की ते सरळ पाटीपाशी जाऊन तळहात फिरवायचे.

पहिल्या दोन उन्हाळ्यांतच लाल उतरलं. लाल सगळ्यात आधी जातं, हे आमच्या धंद्यातल्या पोरासोरालाही ठाऊक आहे. आधी कुंकू फिकं झालं, मग ओठ, मग लुगडं गुलाबी होऊन पांढुरकं झालं. कपाळ पांढरं पडलेली बाई रस्त्याकडे बघत उभी राहिली आणि येणारेजाणारे ते पाहून काहीबाही पुटपुटायला लागले. भाऊ धावत आले. "कुंकू गेलं ना भाऊ तिचं! लाल दे, आत्ता दे."

मी म्हणालो, "आधी पॉलिश पेपरने घासून घ्या. पुडीवर नवा रंग बसत नाही. तुम्हाला काय सांगायचं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच मागे सरलो. "बायकोच्या तोंडावर पॉलिश पेपर घासू?"

आणि त्यांनी तो कधीच घासला नाही. गावभरच्या पाट्या नियमाने घासणारा हा माणूस, पण या एका पाटीवर मऊ फडक्याने हळूच धूळ पुसायचा आणि जुन्या थरावर नवा थर चढवायचा. साहजिकच तो धरायचा नाही. वर्षभरात पोपडे सुटायचे. मग पुन्हा नवा थर. मध्ये एकदा ऊन अडेल म्हणून त्यांनी वरून व्हार्निश मारलं. ते पिवळं पडलं, त्याला बारीक भेगा गेल्या, आणि ती कावीळ झाल्यासारखी दिसायला लागली. भाऊ पाटीसमोर उकिडवे बसून माफी मागत होते, मोठ्याने, चारचौघांत. टपरीवरच्या बाईने आपला रेडिओ बंद केला.

दरम्यान तो फोटोही गेला. लॅमिनेशनची कड उकलली होती, पावसाळ्यात आत पाणी शिरलं, आणि बुरशीने चेहराच तेवढा खाल्ला. लुगड्याची किनार आणि स्टुडिओतला खोटा जिना शिल्लक राहिला. भाऊ म्हणाले, "जाऊ दे. पाटी हाये ना."

मग सूरजागडच्या डोंगरातून लोखंडाच्या खनिजाचे ट्रक सुरू झाले. फाटा लाल झाला. झाडं लाल, टपरीची ताडपत्री लाल, माझ्या दुकानातले पांढऱ्या रंगाचे डबे बाहेरून लाल. सकाळी पुसलेली पाटी दुपारपर्यंत ओळखू येईना. भाऊ कामावर जाताना पुसायचे, येताना पुसायचे, आणि प्रत्येक पुसण्याबरोबर थोडा रंग फडक्यावर यायचा. एकदा ते फडकं माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "काय करू सांग. नाई पुसलं तर दिसत नाई, पुसलं तर जाते." फडक्यावर धुळीचा लाल आणि कातडीचा गव्हाळ रंग एकत्र झाला होता. दुकानात इतके डबे, आणि त्यातला एकही त्या माणसाच्या उपयोगाचा नव्हता, याची मला चीड यायची.

फ्लेक्स आले आणि भाऊंचं काम सुटलं. वाढदिवसाचे, स्वागताचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स. मीच एकदा म्हणालो, तिचाही फ्लेक्स करू या का? ते म्हणाले, "फोटो कुठी हाये?" आणि दोन पावसाळ्यांत चिरफाळणाऱ्या फ्लेक्सकडे बोट दाखवून म्हणाले, "तिचं तोंड असं फाटलेलं मी पाहू काऊन?" काम नसल्याने आता सगळा वेळ पाटीलाच मिळायचा. काजल मोठी होत होती. शाळेतून आली की पाटीखाली दप्तर ठेवून बसायची, बापाशी बोलायची, तिथेच भाकर खायची. ते रंगवत असायचे आणि ती समोर असायची.

बारावीनंतर ती नर्सिंग शिकायला चंद्रपूरला गेली. जायच्या दिवशी ती बसमध्ये चढली, आणि भाऊंनी बसच्या पत्र्यावरून तळहात फिरवला.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात फोन आला. ट्रक ड्रायव्हर होता. "भाऊ, तुमच्या फाट्यावरच्या बोर्डावरची बाई पाह्यली मी. कसम से. चंद्रपूरच्या एका दवाखान्याच्या गेटवर. परवा आणि आजबी. बोर्डावर हाये तशीच हाये ना, जराबी फरक नाई."

जराही फरक नाही, या शब्दांवर मी अडायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी शपथेवर बोलत होतं. मी दुकान उघडं टाकून धावलो. भाऊ शिडीवर होते. ऐकलं आणि शिडीवरच बसले. मग खाली उतरून त्यांनी दाढी केली. पेटीतून तिचं लाल लुगडं काढून पिशवीत घातलं. मी म्हणालो, काजलला फोन करू या, ती चंद्रपुरातच आहे. तर घाईघाईने माझा हात धरला. "नको, नको. तिले आता नको सांगू. तिची माय घेऊनच जाऊ तिच्या होस्टेलवर. पोट्टी दार उघडन आन्..."

बसमध्ये ते सारखे काचेत बघून केस सारखे करत होते. मध्येच म्हणाले, "ओळखन का रे मले? लय पिकलो ना मी."

ड्रायव्हर गेटवर वाट बघत होता. भला माणूस, रांगेत ट्रक सोडून आलेला. आम्ही रसवंतीच्या सावलीत उभे राहिलो. ड्युटी सुटायची वेळ होती, पोरीबाळी बाहेर पडत होत्या. ड्रायव्हरने बोट केलं. "ती पाहा. तीच!"

भाऊंनी पिशवी छातीशी धरली आणि पुढे झाले. समोरून नर्सच्या गणवेशातली एक मुलगी येत होती. ती थबकली.

"बाबा? तुमी इथी काऊन?"

कॉलेजने तिला त्या दवाखान्यात ड्युटीला पाठवलं होतं, आम्हाला माहीत नव्हतं. ड्रायव्हर एकदा तिच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत राहिला. "हेच तोंड हाये ना भाऊ बोर्डावर," तो मला हळूच म्हणाला. "झूट नाई बोललो मी." तो खरंच खोटं बोलला नव्हता.

काजलने पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती भर रस्त्यात बापाला धरून उभी राहिली. भाऊ रडले नाहीत. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, मग त्यांनी तिच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "इथी गोंदण होतं तिले. तीन ठिपके. मी ते काढाचं कधी सोडलं, भाऊ?"

मला आठवेना. कुठल्यातरी उन्हाळ्यात ते पुसले गेले असतील, कुठल्यातरी थरात ते पुन्हा काढायचे राहिले असतील. कपाळ लहान होत गेलं, भुवई खाली आली. रोज बघणाऱ्याला कसं कळणार? मीही रोज बघत होतो.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. भाऊ सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेले असत. "वरचं जाईन आन् खालचं राहीन, असं काई दे."

"असं काही नसतं भाऊ. रंग काढायचं रसायन सगळंच काढतं, टिनापर्यंत."

"थोडंसंच लावतो."

"थोडंसं लावलं तरी."

"कंपनीले विचारून पाहा ना."

मी खरोखर विचारलं. फोनवरचा माणूस हसला. ते मी भाऊंना सांगितलं नाही. त्यांनी ब्लेड घेऊन लुगड्याच्या काठापाशी एक पोपडा उचकटून पाहिला. खाली उघडं, गंजलेलं टिन निघालं. त्यांच्या हातातून ब्लेड पडलं. म्हणाले, "खाली बी गेली असन. मीच झाकली तिले, भाऊ. इतके वर्षं मीच झाकून राह्यलो." मी खांद्यावर हात ठेवला, तर ते माझ्याच अंगावर ओरडले, "जाऊ दे मले!" आणि मग माझ्याच पायरीवर येऊन बसले. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती.

शेवटी मीच म्हणालो, "वरचा वरचा थर काढणारी एकच गोष्ट आहे. ऊन."

त्या दिवसापासून त्यांनी ब्रशला हात लावला नाही. आयुष्यभर ज्या उन्हाशी भांडले त्याची आता वाट बघत बसायचे. सकाळी धूळ धुऊन टाकायचे, की ऊन नीट लागावं. ढग आले की अस्वस्थ व्हायचे. पाटीवरून तळहात फिरवून पांढरी पूड मला दाखवायचे, "सुटून राह्यला, भाऊ! पाह्य!" काजल सुट्टीत यायची, त्यांच्याशेजारी बसायची आणि वर बघायची, जिथे तिचाच चेहरा हळूहळू पांढरा पडत होता. मला ते बघवत नसे. मी आत जाऊन उगाच डबे लावायचो.

गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. आमच्याकडचा ताप, डोक्यात चढणारा. गडचिरोलीला नेईपर्यंत शुद्ध हरपत चालली होती. काजल उशाशी होती. शुद्ध होती तोवर ते तिला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "दिसते का?" तिने खोटं सांगितलं नाही. ती म्हणाली, "अजून नाई, बाबा."

भाऊ गेल्यावर पाटीला हात लावायची मला हिंमत झाली नाही. तो हिवाळा गेला, हा उन्हाळा आला. मे महिन्यातल्या एका दुपारी दुकानात बसलो असताना पापड मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. वर पाहिलं तर पाटीवरून एक मोठा पोपडा सुटून लोंबत होता. जाडजूड, सगळे थर एकमेकांना चिकटलेले, आणि पाठीमागून पांढरी पूड. न घासलेल्या जागेवरून सगळे एकदम सुटले होते. तो खाली पडला. त्याच्या जागी एक हनुवटी होती, आणि तिच्यावर तीन हिरवे ठिपके.

काजल दुसऱ्याच दिवशी आली. तोवर डाव्या बाजूचा अर्धा चेहरा मोकळा झाला होता. रुंद कपाळ, वर चढलेली भुवई. कुंकवाच्या जागी काहीच नव्हतं. उजवा अर्धा चेहरा अजून काजलचा होता. तिने आईला पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं आणि फोटो तिच्या हाती कधी लागला नव्हता.

"काका, हे आई?"

"हो."

"मी तर मले तिच्यासारखीच समजत होती." तिने स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "मी तिच्यासारखी नाईच."

एक ट्रक गेला. धूळ उडाली, आणि पाटी पुन्हा लाल झाली. तिने सवयीने ओढणीचं टोक पुढे केलं. मी तिचा हात धरला. "पुसू नको. निघून जाईल." ती तशीच थांबली, मग तिने मोबाइल काढून धुळीसकट फोटो घेतला.

जुना थर आता उन्हात उघडा आहे. पुढच्या मेपर्यंत तोही जाईल, हे मला कळतं आणि तिलाही कळतं. वरून काही मारू का, असं तिने विचारलं नाही. जाताना पाटीच्या खालच्या ओळीकडे बघून एवढंच म्हणाली, "नंबर पुसट झाला, काका."

तेवढं मी करतो. काळ्या रंगाचा डबा उघडतो, शिडी लावतो आणि फक्त नंबर गिरवतो. माझा हात भाऊंसारखा नाही, आकडे वाकडे येतात. काम झालं की दोन पावलं मागे सरतो. शेजारी विचारायला कोणी नसतं. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून दुकानाचं दार उघडं ठेवतो.